जुनं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालवायचंय? आधी व्हर्च्युअलायझेशन सुरू करा

जिनिंगच्या वजनकाट्याचं जुनं सॉफ्टवेअर, कृषी केंद्राचं जुन्या विंडोज एक्सपीवरचं बिलिंग, बीसीएच्या मुलांचं लिनक्सचं प्रॅक्टिकल: हे सगळं एकाच नव्या कॉम्प्युटरवर होतं. व्हर्च्युअलबॉक्ससारखं मोफत सॉफ्टवेअर टाकलं की चालू विंडोजच्या आतच दुसरा कॉम्प्युटर उभा राहतो. त्यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

बहुतेकांचं काम अडतं ते ‘व्हीटी-एक्स इज डिसेबल्ड’ असा मेसेज आल्यावर. मशीन कमजोर निघाली असं समजून नवीन घ्यायला धावू नका. प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय असते (इंटेल तिला व्हीटी-एक्स म्हणतं), ती फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, बंद असते. इंटेलने ही सोय 2005 मध्ये आणली, एएमडीने 2006 मध्ये. त्यामुळे आतल्या सिस्टिमचं बरंचसं काम प्रोसेसर थेट करतो, मध्ये सॉफ्टवेअरला कसरत करावी लागत नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या 6.1 आवृत्तीपासून तर या सोयीशिवाय व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नाही.

सुरू आहे की नाही, हे घरीच पाहता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू. खाली ‘व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड’ दिसलं तर बायोसला हातही लावू नका.

डिसेबल्ड असेल तर बायोसमध्ये जाण्याआधी एक काम नक्की करा. आजकालच्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लागणारं विंडोजचं कुलूप, कधीकधी आपोआप सुरू असतो. बायोसमध्ये बदल झाला की तो 48 आकडी रिकव्हरी की मागू शकतो, आणि ती नसेल तर सगळा डेटा अडकतो. ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. पण लॅपटॉप घेताना ते खातं दुसऱ्याच कुणाच्या ईमेलवर उघडलेलं असेल तर? म्हणून आधी खातं कुणाचं ते बघा, की कागदावर उतरवा आणि मगच पुढे जा. की सापडत नसेल तर बायोस उघडू नका, मशीन आमच्याकडे घेऊन या.

आता बायोस. मशीन चालू होताच डेल आणि एसरवर एफ2, एचपीवर एफ10, असेंबल्ड डेस्कटॉपवर बहुतेक वेळा डिलीट दाबत राहा. इंटेलवर ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ शोधा, एएमडीवर ‘एसव्हीएम मोड’. कुठे ते अ‍ॅडव्हान्स्डमध्ये सापडतं, कुठे सीपीयू कॉन्फिगरेशनमध्ये, एचपीवर बरेचदा सिक्युरिटीमध्ये. एनेबल करा आणि सेव्ह करून बाहेर या. बहुतेक मशीनवर त्यासाठी एफ10 असतं. बाकी कशालाही हात लावू नका. त्यानंतर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा, काही मशीनवर नुसत्या रिस्टार्टने बदल लागू होत नाही.

आपल्याकडे आणखी एक भानगड होते. सोय सुरू करून दिलेला डेस्कटॉप काही महिन्यांनी पुन्हा ‘डिसेबल्ड’ म्हणतो. आधी घड्याळ बघा. लाईन गेली किंवा बोर्डाचं बटण बंद केलं की तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपलाय. सेल संपला की बायोस बरेचदा मूळ सेटिंगवर जातं आणि व्हर्च्युअलायझेशन पुन्हा बंद होतं. नाण्याएवढा हा सेल स्वस्तात मिळतो. तो बदला आणि सेटिंग एकदा परत करा.

रॅमचा हिशोब आधीच करा. कपाशीच्या ओळीत तूर घेतली की खत-पाणी दोघांत वाटलं जातं, तसंच इथे. 4 जीबीत दोन्ही सिस्टिम रडतात. 8 जीबी असेल तर काम बरं चालतं. एक्सपीला 1 जीबी पुरते.

एक्सपी चालवणाऱ्यांनी व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क बंदच ठेवावं. एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला, तेव्हापासून तिच्यातल्या भोकांना नियमित ठिगळं लागत नाहीत. एक्सपीची लायसन्स की मात्र तुमच्याकडे असायला हवी.

काट्याचं काम असेल तर जुना सीपीयू (कॉम्प्युटरचा डबा), काट्याची सीरियल केबल आणि सॉफ्टवेअरची डोंगल, म्हणजे ते चालायला लावावी लागणारी छोटी किल्ली, असेल तर तीही सोबत आणा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये सीरियल पोर्ट आतल्या मशीनला जोडता येतो, पण तो आधी जोडून बघावा लागतो. नव्या मशीनवरून भरल्या गाडीची पावती बरोबर वजनासह निघेपर्यंत जुना सीपीयू भंगारात देऊ नका.