मायोर्काच्या धक्क्यावरचे दोन कुरव

गेटवेवरून घारापुरीच्या लाँचमागे जो पांढरा थवा लागतो, त्याला आपण सरसकट ‘सीगल’ म्हणतो. मराठीत त्याला कुरव असं नाव आहे, पण गाठ्या फेकायच्या आणि फोटो काढायचे या गडबडीत नावाची आठवण कुणाला राहते? हीच सवय घेऊन आपण स्पेनच्या मायोर्का बेटावर आठवडाभराच्या सुट्टीला जातो, आणि तिथे मात्र चुकामूक होते. तिथल्या किनाऱ्यावर हाताच्या अंतरावर दोन जातींचे कुरव फिरतात. एक भूमध्य समुद्राच्या जवळपास प्रत्येक बंदरात दिसतो. दुसऱ्यासाठी युरोपातले पक्षीवेडे मुद्दाम विमानाची तिकिटं काढतात.

पोर्ट दे पोल्येन्सा या उत्तरेकडच्या गावात हे फार छान बघायला मिळतं. किनाऱ्याला लागून पाइनच्या झाडांखालून पायवाट आहे, पुढे मासेमारीच्या बोटींचा धक्का. टेबलावरच्या ताटलीतला बटाट्याचा तुकडा पळवून वर आरडाओरडा करतो तो बहुतेक वेळा पिवळ्या पायांचा कुरव. अंगाने साधारण आपल्या घारीएवढा, छाती काढून चालणारा, नजर रोखून बघणारा. ती नजर बोचरी का वाटते तर डोळ्याचं बुबुळ फिकट पिवळं आणि त्याभोवती लाल कडं. चेहऱ्यावर कायम कुणाशी तरी भांडण झाल्याचा भाव.

त्याच्यापासून चार पावलांवर, वाळूच्या ओल्या पट्ट्यावर, एक जरा सडपातळ पक्षी नुसता उभा असतो. हा ऑदुआँचा कुरव. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ ऑदुआँ यांचं नाव त्याला 1826 मध्ये मिळालं, पण मायोर्कातली भाषा त्याला ‘गाविना कोर्सा’, म्हणजे कॉर्सिका बेटाचा कुरव, म्हणते, आणि मला तेच जास्त आवडतं. याचा डोळा काळाभोर, त्यामुळे चेहरा सौम्य, थोडा भाबडाच. कपाळ चोचीपर्यंत एका उतारात येतं, मध्ये खाच नाही. अंगावर अगदी पुसट राखाडी झाक, जणू पांढऱ्या कपड्याला नीळ जास्त झाली आहे.

खरी मेख चोचीत आहे, आणि तिथेच बहुतेक जण फसतात. पुस्तकात लिहिलेलं असतं की ऑदुआँच्या कुरवाची चोच लाल. मग माणूस किनाऱ्यावर लाल शोधत बसतो आणि त्याला लाल सापडतं ते भलत्याच ठिकाणी: पिवळ्या पायांच्या कुरवाच्या झगझगीत पिवळ्या चोचीवर, खालच्या बाजूला, कुंकवाच्या टिकलीएवढा एक लाल ठिपका असतो. ‘लाल दिसलं, सापडला!’ आणि नोंद चुकते. ऑदुआँची चोच गडद लाल, टोकाआधी काळा पट्टा, टोक पिवळसर. पण हे रंग जवळूनच कळतात. पंचवीस-तीस पावलांवरून ती चोच सरळ काळपट, आखूड आणि जाड दिसते. म्हणून लाल शोधूच नका. चोच दुरून पिवळी चमकते की काळी दिसते, एवढंच बघा. दुर्बीण नसली तरी चालतं, मोबाइलवर फोटो मोठा करून पाहिला तरी पुरे.

पाय दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. एकाचे हळदीसारखे पिवळे, दुसऱ्याचे शेवाळी-करडे. संध्याकाळच्या उन्हात मात्र सगळ्यांचेच पाय सारखे वाटतात. आकारावर तर विसंबूच नका. दोघं शेजारी उभे असतील तरच ऑदुआँचा लहान वाटतो, एकटा असला की तोही मोठाच दिसतो. पिल्लं दोन्हीकडे तपकिरी. सुट्टीत त्यांच्या नादी लागू नये, अनुभवी लोकही तिथे डोकं खाजवतात.

वागणं मात्र ओळखीला फार उपयोगी पडतं. पिवळ्या पायांचा कुरव काहीही खातो: कचरा, मेलेले मासे, दुसऱ्या पक्ष्यांची अंडी, आणि त्यात ऑदुआँचीही. ऑदुआँचा जन्मजात मासेखाऊ. सार्डीनसारखे लहान मासे रात्री पाण्याच्या वरच्या थरात येतात, तेव्हा हा पाण्याला जवळजवळ टेकून सावकाश उडतो आणि चोच बुडवून मासा उचलतो. दिवसा तो असा आळशासारखा का उभा असतो, याचं निम्मं उत्तर इथे आहे. जेवणानंतर धक्क्यावर चक्कर मारलीत आणि दिव्यांच्या उजेडात कुणी पाण्यावरून हळूच घसरत गेला, तर पाच मिनिटं थांबा.

त्याची किंमत का, तर एकेकाळी हा पक्षी जवळजवळ संपल्यात जमा होता. 1960 च्या दशकात जगभरात जेमतेम हजारभर जोड्यांचा अंदाज होता. मग 1981 मध्ये स्पेनच्या मुख्य भूमीवर, एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशात, 36 जोड्यांनी घरटी केली आणि पुढच्या पंचवीस वर्षांत तिथे दहा हजारांहून जास्त जोड्या झाल्या. संरक्षण होतंच, पण मोठा हात होता ट्रॉलरवाल्यांचा. नको असलेले मासे ते समुद्रात परत फेकत, आणि रात्री मासे मारणाऱ्या या पक्ष्याला दिवसाही आयतं ताट मिळू लागलं. आता वसाहतीत कोल्हे शिरले, मासे टाकण्यावर युरोपीय संघाने निर्बंध आणले, आणि आकडे पुन्हा उतरले. 2020 मध्ये त्याला धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात टाकलं गेलं. टाकाऊ माशांवर वाढलेला पक्षी ते बंद झाल्यावर घटला, यात दोष कुणाला द्यायचा हे मला अजून नीट सांगता येत नाही. टाकाऊ मासेमारी चांगली होती असं तर कुणी म्हणणार नाही.

वाळूवरच्या ऑदुआँच्या पायाकडे नीट बघितलं की कधीकधी प्लॅस्टिकचं पांढरं कडं दिसतं, त्यावर काळी अक्षरं. पक्षी शांत असतो, त्यामुळे फोटोत अक्षरं वाचता येतात. ती आणि तारीख-ठिकाण टिपून ठेवा. कडं घालणाऱ्या अभ्यासकांना अशा नोंदी हव्याच असतात, आणि पक्षी कुठल्या वसाहतीत वाढला हे तुम्हालाही कळू शकतं.

परत आल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत कोकणात गेलात तर खाडीच्या तोंडाशी बसलेल्या कुरवांमध्ये एक दांडगा पक्षी शोधा. पिवळ्या चोचीला टोकाशी लाल रंग आणि त्यातच काळा पट्टा, आणि थंडी सरत आली की डोकं काळं व्हायला लागलेलं. ऑदुआँच्याच कुळातला, मध्य आशियातून आलेला पाहुणा. चोच बघायची सवय मायोर्कात लागली असेल, तर तो लगेच सापडतो.