डेंटिंग (जुन्या पिकअपचा पत्रा सरळ करणे)

वाहनाचा चेपलेला, मुरडलेला किंवा ताणला गेलेला पत्रा ठोकून, ओढून आणि तापवून मूळ आकारात आणण्याच्या कामाला गॅरेजच्या बोलीत 'डेंटिंग' म्हणतात. साध्या मराठीत पोचे काढणे. हे काम करणारा तो डेंटर. रंगाचा कारागीर वेगळा असला तरी पाटीवर 'डेंटिंग-पेंटिंग' असे जोडूनच लिहिलेले असते, आणि बिलावरून वाद झाला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

हे काम समजून घ्यायला जुनी पिकअप उत्तम. टाटांनी १९८८ मध्ये आणलेली टाटामोबाइल, तिच्यामागून आलेली २०७, महिंद्राची बोलेरो पिकअप या गाड्यांनी बाजार समितीच्या फाटकापासून शेतातल्या बांधापर्यंत सगळीकडे अंग घासलेले असते. केबिनचा पत्रा साध्या, मऊ पोलादाचा आणि जाडीला एक मिलिमीटरच्या आसपास. हौद्याचा पत्रा तुलनेने जाड, आडव्या-उभ्या दाबपट्ट्यांनी ताठ केलेला. केबिनला मार बाहेरून बसतो. हौद्याला तो बहुधा आतून बसतो: पोती, क्रेट, लोखंडी पाइप आणि फाळका उघडाच ठेवून मागे घेतलेली गाडी.

पत्रा किंचित वाकवून सोडला तर परत येतो. एका मर्यादेपलीकडे वाकवला तर तसाच राहतो. पोच्यात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. खळग्याभोवती जी धारदार घडी उमटते तिथला पत्रा कायमचा वाकलेला असतो, शिवाय वाकताना कडकही झालेला असतो. मधला मोठा खळगा पुष्कळदा नुसता अडकून बसलेला असतो, त्या घडीने धरून ठेवल्यामुळे. म्हणून खळग्याच्या तळाशी आतून जोरात हातोडा घालणे ही नवशिक्याची खूण. त्याने अडकलेला पत्रा सुटत नाही, ताणला मात्र जातो, आणि एका पोच्याच्या जागी चार उंचवटे येतात. जाणता डेंटर उलट्या क्रमाने जातो. मार जिथे आधी बसला ती जागा शेवटी, आणि जिथे तो जाऊन थांबला ती कडेची घडी आधी. घडी थोडी थोडी मोकळी केली की मधला भाग कधी कधी 'टप्' असा आवाज करून आपणच वर येतो. त्या आवाजापर्यंत धीर धरणे हे या कामातले निम्मे कौशल्य.

हत्यारे थोडी. चपट्या, गुळगुळीत तोंडाची हलकी हातोडी, टोकदार हातोडी, वाकड्या पहारी, कानस आणि डॉली. डॉली म्हणजे मुठीत मावणारा, वेगवेगळ्या गोलाईच्या कडा असलेला लोखंडी ठोकळा. रुळाचा तुकडा घासून घरीच केलेल्या डॉल्याही गॅरेजांत दिसतात. डॉली आतून धरायची, हातोडी बाहेरून मारायची. यात दोन प्रकार आहेत. डॉली खळग्याखाली आणि हातोडी शेजारच्या उंचवट्यावर, असे मारले की उंच भाग खाली बसतो, डॉलीचा उलटा धक्का खळग्याला वर उचलतो, आणि पत्रा ताणला जात नाही. बरेचसे काम असेच होते. हातोडी थेट डॉलीवर पडली तर पत्रा दोन लोखंडांमध्ये चेपून पातळ होतो आणि पसरतो. म्हणून तो प्रकार शेवटच्या सफाईला, हलक्या हाताने. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर मठारकाम होते तिथेही ठोकून धातू कडक होतो, पण तांबट भांडे भट्टीत घालून पुन्हा मऊ करू शकतो. गाडीचे अख्खे दार तापवले तर ते पापडासारखे वाकडे होईल. डेंटरला ती सोय नाही.

ज्या जागी आतून हात पोहोचत नाही, उदाहरणार्थ दुहेरी पत्र्याच्या खांबावर, तिथे पत्र्यावर छोट्या पिना किंवा वॉशर स्पॉट वेल्ड करून सरकत्या वजनाच्या ओढणीने पत्रा बाहेर खेचतात. वेल्डिंगचे यंत्र लावण्याआधी बॅटरीची तार सोडायची असते.

सपाटी पाहायला डोळ्यापेक्षा तळहात बरा. दाराच्या मधोमध दाबून काढलेल्या रेघेखाली पोचा असेल तर डेंटर पातळ फडके घेऊन त्यावरून सबंध पंजा तिरका फिरवतो. फडक्याने घर्षण कमी होते आणि अर्ध्या मिलिमीटरहून कमी चढ-उतारही हाताला लागतो. मग कानस हलकी ओढायची. उंच जागा चकाकतात, खोल जागा काळ्या राहतात. काळ्या ठिपक्यांचा हा नकाशा पुढच्या ठोक्यांसाठी. रंग शाबूत असलेल्या भागावर रॉकेलचे फडके मारून त्यात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहतात. रेघ जिथे थरथरते तिथे काम बाकी आहे.

एवढे करूनही पत्रा अंगठ्याने दाबला की आत जातो आणि सोडला की डब्याच्या झाकणासारखा वाजतो, तेव्हा तो ताणला गेला आहे असे समजावे. जागेच्या मानाने पत्रा जास्त झाला आहे; तो कितीही ठोकला तरी बसणार नाही, आकसवावाच लागतो. गॅसच्या बारीक ज्योतीने आठ आण्याच्या नाण्याएवढा ठिपका लाल करतात. तापलेला ठिपका फुगू पाहतो, पण भोवतालचा थंड, ताठ पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जाडीत फुगतो. भोवती दोन-चार हलके ठोके मारून ओले फडके दाबले की निवताना तो चारही बाजूंचा पत्रा स्वतःकडे ओढून घेतो. ठिपके मोजके आणि लांब लांब हवेत. हात सैल सुटला तर दार उलटे ताणले जाऊन दुसरीकडे मुरडते. ही युक्ती मऊ पोलादाची. आजच्या गाड्यांतले जास्त ताकदीचे पोलाद तापवले की कमजोर होते. फोर्डच्या एफ-१५० पिकअपची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमची झाली. ते तर वितळेपर्यंत लाल दिसतच नाही.

उरलेले बारीक खळगे लांबी (पुट्टी) भरून बुजवतात. पूर्वी यासाठी शिसे-कथलाचा मिश्रधातू वितळवून लावीत. पॉलिएस्टरची लांबी १९५० च्या दशकात अमेरिकेत रुळली. तिच्यात साधारण दोन टक्के हार्डनर मिसळतात. उन्हाळ्यात तो जरा जास्त पडला तर लांबी पत्र्यावर चढण्याआधीच पाटीवर घट्ट होते. थर दोन-तीन मिलिमीटरच्या आत असावा. बोटभर लांबी थापून त्यावर सुंदर रंग मारणे हे डेंटिंग नव्हे, प्लास्टरिंग आहे. हौद्याच्या हादऱ्यांनी ते वर्षभरात तडकते. जुनी पिकअप विकत घेताना खिशात लोहचुंबक ठेवणारे लोक याच अनुभवातून शहाणे झालेले असतात: जिथे चुंबक धरत नाही तिथे लांबी जाड.

गंज हा मात्र निराळा रोग. कुजलेल्या पत्र्यावर हातोडी मारली की आरपार जाते. तो भाग धड पत्र्यापर्यंत कापून त्याच जाडीचा सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला) पत्रा जोडावा लागतो, तोही सलग नव्हे, लांब लांब टाके घेत, नाहीतर उष्णतेने बाजूचा पत्रा लाटेसारखा उठतो.

ठोकताना आतल्या बाजूचा रंगही झडतो, हे मालकाला दिसत नाही आणि पेंटरच्या कामात येत नाही. दाराच्या आतून तिथे रेड ऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या अस्तराचा) हात न मारल्यास पुढचा गंज तिथूनच सुरू होतो. दाराच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. लांबी आणि रंगाने ती हमखास बुजतात, म्हणून गाडी ताब्यात घेतानाच एक तार घेऊन ती मोकळी करून घ्यावीत.