वकील (पेशवाईतला राजदूत)

आज वकील म्हटलं की काळा कोट डोळ्यासमोर येतो, पण पेशवाईत परक्या दरबारात आपल्या धन्याच्या वतीने राहणारा, बोलणारा आणि रोजची खबर लिहिणारा तो वकील. दूतावासाला मराठीत अजूनही ‘वकिलात’ म्हणतात ते त्यामुळेच.

शब्द मूळ अरबी, आपल्याकडे फारसीतून आला, अर्थ ‘ज्याच्यावर काम सोपवलंय तो’. शिवकाळात याच कामाला ‘हेजीब’ हा शब्दही चालायचा, तोही अरबीच, मूळ ‘हाजिब’ म्हणजे द्वारपाल. दारावरचा माणूस दूत कसा झाला? परक्याला दरबारात पुढे आणणं हे हाजिबाचं काम, त्यावरून अर्थ सरकत गेला असावा. संस्कृत परंपरेत कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दूताचे तीन प्रकार आहेत: निसृष्टार्थ म्हणजे स्वतः निर्णय घेऊ शकणारा, परिमितार्थ म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेत बोलणारा आणि शासनहर म्हणजे नुसता निरोप पोचवणारा. ग्रंथाचा काळ परंपरेने इ.स.पू. चौथं शतक धरतात, अलीकडचे बरेच अभ्यासक मात्र आजचं रूप इसवी सनाच्या आसपासचं किंवा नंतरचं मानतात, आणि ते जास्त पटण्यासारखं आहे. या मापाने पेशव्यांचे वकील बहुतेक मधल्या वर्गातले म्हणायला हवेत.

दिल्लीत हिंगणे घराण्याकडे वकिली पिढीजात होती, महादेवभटांकडून ती मुलांकडे गेली. निजामाकडे हैदराबादेत गोविंदराव कृष्ण काळे होते. मुख्य काम लिहिण्याचं. दरबारात कोण आलं, कोणाचा पगार थकला, कोणती फौज कुठे हलली हे सगळं मोडीत लिहून जासूदजोडीबरोबर (पत्रं नेणाऱ्या दोघांबरोबर) पुण्याला रवाना करायचं, एका पत्रात मावलं नाही की मागून पुरवणी, आणि तिकडून काय बोलायचं, काय टाळायचं याचं उत्तर येईपर्यंत समोरच्याला गोड बोलून थोपवून धरायचं. हे शेवटचंच बहुधा सगळ्यात अवघड.

या पत्रांच्या तारखा ही वेगळीच डोकेदुखी. तारखेआधी ‘छ’ म्हणजे चंद्र, मग मुसलमानी महिना, आणि साल असलंच तर मराठी दफ्तरात चालणाऱ्या शुहूर सनातलं, तेही आकड्यांत नाही तर अरबी शब्दांत. ‘सलास तिसैन मया व अलफ’ म्हणजे ११९३, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे की इसवी सन येतो, कारण हे वर्ष मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला, सुरू होतं, म्हणजे इथे मृग १७९२ ते मृग १७९३. कित्येक पत्रांत साल नसतंच, मग आत उल्लेखलेल्या घटनांवरून अंदाज बांधावा लागतो, म्हणून छापील संग्रहातली तारीख डोळे मिटून घेऊ नये. पुण्यात पेशवे दफ्तरात बसून एखादा रुमाल (कागद बांधलेलं कापडी गाठोडं) सोडून पाहिला की हे लगेच कळतं.

आजच्या राजदूताचं काम १९६१ च्या व्हिएन्ना करारात आहे: प्रतिनिधित्व, हितरक्षण, वाटाघाटी, कायदेशीर मार्गाने माहिती काढून कळवणं, मैत्री वाढवणं. यजमान देशाची आधी संमती लागते, नको झाला तर कारण न देता परत पाठवता येतो, आणि अटक करता येत नाही. पेशवाईत अभय हे शब्दावर आणि धाकावर चालायचं. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री ईस्ट इंडिया कंपनीच्या हमीवर पेशव्यांकडे आले आणि १८१५ मध्ये पंढरपुरात मारले गेले, संशय पेशव्यांच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर होता.

पुण्यात येणारे परके वकील आधी तात्पुरते असत, १७७२ मध्ये इंग्रज मॉस्टिन, १७७७ मध्ये फ्रेंच सेंट ल्यूबिन. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट कायमचा रेसिडेंट, म्हणजे दरबारी राहणारा कंपनीचा प्रतिनिधी, म्हणून आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर राहिला, टिपूविरुद्धचा १७९० चा तह त्याच्याच काळातला. वसईच्या तहाने (१८०२) दुसऱ्या सत्तेशी बोलण्याआधी कंपनीला विचारणं पेशव्यांना भाग पडलं, आणि जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने परक्या दरबारी वकील ठेवणं आणि त्यांचे इथे घेणं दोन्ही बंद, सगळा व्यवहार रेसिडेंटमार्फत. पाच महिन्यांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीच्या लढाईच्या दिवशी तेव्हाचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याची संगमावरची रेसिडेन्सी जळाली, त्याच्या पुस्तकांसकट.