अर्धे भिंग झाकले तरी प्रतिमा पूर्णच

मेणबत्तीसमोर धरलेल्या बहिर्वक्र (मध्ये जाड, कडेला पातळ) भिंगाचा खालचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला, तर प्रतिमाही अर्धीच मिळते, असे लातूर-नांदेडकडचे अनेक विद्यार्थी गणिते सोडवताना धरून चालतात. ते चूक आहे. मेणबत्तीच्या ज्योतीच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण संपूर्ण भिंगावर पडतात, त्यामुळे उघड्या भागातून गेलेले किरणही अपवर्तनानंतर (भिंगात वळल्यावर) त्याच ठिकाणी एकत्र येतात. नाभीय अंतर (समांतर किरण भिंगापासून जितक्या अंतरावर एकत्र येतात ते) २० सेंमी आणि ज्योत ३० सेंमीवर असल्यास प्रतिमा ६० सेंमीवर, उलटी व दुप्पट उंचीची मिळते. ज्योत व प्रतिमा यांची अंतरे आणि नाभीय अंतर जोडणाऱ्या भिंगाच्या सूत्रात भिंगाच्या व्यासाला जागाच नसल्याने कागद लावूनही ही उत्तरे तीच राहतात. प्रतिमा मात्र निम्म्याने मंद होते. गैरसमजाचे मूळ, माझ्या मते, किरणाकृतीत (किरणांचा मार्ग दाखवणाऱ्या आकृतीत) आहे: तिथे सोयीसाठी काढलेले दोन-तीन किरण म्हणजेच सगळा प्रकाश, असे मुलांना वाटते.