पंचगंगेची पूररेषा

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचे लक्ष एका आकड्याकडे लागलेले असते, तो म्हणजे राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. मात्र बंधाऱ्यावर ५५ फूट पाणी असताना ते कोणत्या गल्लीत, कोणाच्या उंबऱ्यापर्यंत येईल, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी पूररेषेचा नकाशा लागतो.

महाराष्ट्रात अशा नकाशावर दोन रेषा आखतात. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द दाखवते. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध क्षेत्र, तर दोन रेषांमधील पट्टा नियंत्रित क्षेत्र. ‘१०० वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मात्र फार घोळ घातला आहे. एकदा पूर येऊन गेला की पुढची ९९ वर्षे निर्धास्त, असा त्यांचा अर्थ नाही. तेवढा पूर कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता एक टक्का, एवढेच ते सांगतात. लाल रेषेला लागून असलेल्या घरासाठी ३० वर्षांचे कर्ज काढले, तर ते फिटेपर्यंत असा पूर निदान एकदा दारात येण्याची शक्यता २६ टक्के असते. निळ्या रेषेवरच्या घराला तिथवर पोहोचणारा पूर त्याच मुदतीत गाठण्याची शक्यता ७१ टक्के.

नकाशाचे काम विसर्गापासून, म्हणजे नदीतून दर सेकंदाला किती पाणी वाहते त्या आकड्यापासून, सुरू होते. प्रत्येक वर्षीचा सर्वांत मोठा विसर्ग घेऊन, असे कित्येक वर्षांचे आकडे संख्याशास्त्रीय वक्रात बसवतात. नोंदी चाळीस-पन्नास वर्षांच्याच असतील, तर १०० वर्षांच्या पुराचा आकडा हा वक्र पुढे ओढून काढलेला असतो. त्यात २०१९ सारखे एखादे वर्ष मिळवले की तो वर सरकतो आणि त्याच्याबरोबर रेषाही.

मग तेवढे पाणी संगणकातल्या नदीत सोडतात. त्यासाठी नदीचे ठिकठिकाणचे आडवे छेद लागतात आणि पाण्याला होणारा अडथळाही धरावा लागतो. पंचगंगेच्या काठी हा अडथळा म्हणजे प्रामुख्याने उभा ऊस, जो मोकळ्या रानापेक्षा पाण्याला कितीतरी जास्त धरून ठेवतो. शिवाय नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि कृष्णाच तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, त्याची फूग मागे चढत जाते. केवळ पंचगंगेच्या पाणलोटातला पाऊस धरून केलेला नकाशा खालच्या अंगाच्या गावांना म्हणूनच फसवतो.

माझ्या मते खरी मेख जमिनीच्या उंचीत आहे. समजा, काठच्या जमिनीला ५०० मीटरला एक मीटर एवढाच चढ आहे. तर उंचीत एका मीटरची चूक झाली की रेषा अर्धा किलोमीटर इकडची तिकडे होते. उपग्रहांवरून तयार केलेल्या, मोफत मिळणाऱ्या उंचीच्या नकाशांत एवढी चूक सहज असते, कारण झाडाचा शेंडा किंवा इमारतीची गच्ची यांनाही ते अनेकदा जमीनच समजतात. विमानातून लेसर सोडून केलेली मोजणी महाग पडते, पण वस्तीच्या भागात ती टाळून चालत नाही.

रेषा बरोबर आखली की नाही, हे पूर आल्यावरच कळते. रडार असलेल्या उपग्रहांना ढगांआडूनही पाणी दिसते. संथ पाण्यावरून लहरी दुसरीकडेच परावर्तित होत असल्याने ते चित्रात काळे उमटते. दाट वस्तीत मात्र भिंतींवरून उलटून येणाऱ्या लहरींमुळे ही खूण पुसली जाते. जयंती नाल्यातून उलटे शिरलेले पाणी शाहूपुरीत किती चढले, हे भिंतीवर गाळाने ओढलेल्या तपकिरी रेघेला मोजपट्टी लावूनच ठरवावे लागते, आणि तेही घरमालकांनी दिवाळीचा रंग काढण्याआधी.