वजनदार स्पोर्टी गाड्यांचे ब्रेक आणि बेळगाव सीमाभागातील त्यांचे आयुष्य

दोन टनांच्या आसपास वजनाच्या, ताकदवान इंजिनाच्या एसयूव्ही व सेदान गाड्यांना मोठ्या डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या चकत्या) आणि अनेक पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी घर्षणाचे पॅड दाबणारे चिमटे) बसवलेले असतात. हे ब्रेक घडवलेले असतात ते प्रचंड उष्णता सोसून गाडी पुन्हा पुन्हा थांबवण्यासाठी. वर्षानुवर्षे टिकणे हा त्यांचा पहिला हेतू नव्हे. म्हणून महाग ब्रेक जास्त टिकतील ही अपेक्षा बहुधा फोल ठरते. ढोबळ ठोकताळा असा, की सपाट महामार्गावर पुढचे पॅड ३० ते ४० हजार किलोमीटर चालतात, घाटात जोरात हाकलेल्या गाडीत त्याच्या निम्म्यातही संपू शकतात. पॅडचे साधारण दोन संच झिजले की डिस्कही बदलावी लागते.

ब्रेकच्या आयुष्याचा हिशेब किलोमीटरपेक्षा उष्णतेवर मांडायला हवा. २,२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवताना सुमारे ८५० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. वेग १४० असेल तर ती जवळजवळ दुप्पट. हीच गाडी घाटात १०० मीटर खाली उतरली, तर सुमारे २,१६० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, म्हणजे ताशी १०० वरून अडीच वेळा थांबण्याइतकी.

बेळगावहून पश्चिमेला निघालेली वाट घाट उतरल्याशिवाय संपत नाही. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्यातल्या साखळी गावाकडे, खानापूर, लोंढ्यावरून अनमोड घाटाने मोल्याकडे किंवा शिनोळीवरून आंबोली घाटाने सावंतवाडीकडे. शनिवार-रविवार गोव्याला जाणारी गाडी आणि धारवाड-कोल्हापूर महामार्गावर फिरणारी तीच गाडी, यांच्या पॅडची तुलना करण्यात अर्थ नाही. त्यात ऑटोमॅटिक गिअरची गाडी ‘डी’ (ड्राइव्ह) मध्येच ठेवून उतरवली, तर इंजिनाचा आधार पुरेसा मिळत नाही आणि सगळा भार पॅडवर येतो. मॅन्युअल मोड घेऊन दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात उतरणे, हा ब्रेक वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. उत्तरेकडे चिकोडी, हुक्केरी, रायबाग भागात गळीत हंगामात रात्री दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अचानक समोर येतात. तिथे वेग आवरणे हेच पॅडचे आणि जिवाचेही रक्षण.

बहुतेक डिस्क करड्या बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) असतात. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागातल्या फाउंड्र्यांमुळे हा धातू इथल्या लोकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. त्यातले ग्राफाइटचे पापुद्रे उष्णता पसरवतात आणि कंपने शोषतात. पावसाळ्यात गाडी काही दिवस उभी राहिली की डिस्कवर तांबूस गंज चढतो. तो वरवरचा असेल तर चार-सहा ब्रेक मारताच जातो. घाट उतरल्या उतरल्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारणे मात्र घातक, त्याने डिस्कला तडे जाऊ शकतात.

नवे पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतात. ३ मिलिमीटर उरले की बदलावेत. इशाऱ्याच्या दिव्यावर विसंबणे योग्य नाही, कारण सेन्सर सहसा प्रत्येक पॅडला नसतो आणि आतला पॅड बाहेरच्यापेक्षा लवकर झिजलेला असू शकतो. चाक काढून दोन्ही पॅड पाहावेत. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, त्याहून पातळ होईपर्यंत लेथवर घासून घेतलेली डिस्क वापरू नये.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. मग लांब उतारावर ऑइल उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅड शाबूत असूनही पेडल तळाला जाते. कणकुंबी-आंबोलीसारख्या अतिपावसाच्या पट्ट्यातून नेहमी जाणाऱ्यांनी हे ऑइल दोन वर्षांच्या आत बदलावे.

कार्बन-सिरॅमिक डिस्क हलकी असते आणि रस्त्यावरच्या वापरात बिडाच्या डिस्कपेक्षा कितीतरी जास्त टिकते. तिची झीज जाडीपेक्षा वजनावरून ठरवतात. किंमत मात्र इतकी, की खड्ड्यात चाक आदळून किंवा चाक बसवताना तिची कड उडाली तर सगळी बचत एका दिवसात जाते. २०१७ साली पोर्शेने कायेन गाडीसोबत बिडाच्या डिस्कवर टंगस्टन कार्बाइडचा थर देण्याची मधली वाट आणली. ती सुमारे ३० टक्के जास्त टिकते, असा कंपनीचा दावा आहे.