किलोवॅट वेगळं, युनिट वेगळं: चिलरचा ग्राफ काढताना होणारा घोळ

चिलर म्हणजे मोठ्या इमारतीच्या एसीसाठी पाणी गार करणारं मशीन, आणि त्याच्या विजेचा ग्राफ काढताना लोक किलोवॅट आणि युनिट यांत घोळ करतात. युनिट सगळ्यांना माहितीये, दर महिन्याच्या लाइट बिलावर असतं. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट, त्यालाच किलोवॅट-अवर म्हणतात. फक्त 'किलोवॅट पर अवर' म्हणू नका राव, इथे भागाकार नाही, गुणाकार आहे, आणि हे मी सिनियर लोकांच्या रिपोर्टमधेही वाचलंय.

एसी-चिलरची क्षमता ज्यात मोजतात त्या टनाचंही पटकन उरकतो. 1 टन म्हणजे 3.517 किलोवॅट, पण ती उचललेली उष्णता, खाल्लेली वीज नाही. घरचा दीड टनाचा एसी खोलीतली साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता उचलतो आणि वीज खातो दीडएक किलोवॅट. दोन्ही एकाच अक्षावर काढू नका, बास.

आता खरा घोळ. मीटरमधून दोन प्रकारचे आकडे लॉग होतात. एक किलोवॅट, म्हणजे या क्षणाला किती ओढतोय, गाडीच्या स्पीडोमीटरसारखं. दुसरा युनिटचा काउंटर, जो वाढतच जातो, किलोमीटरच्या आकड्यासारखा. लोक पहिला आकडा घेतात, तासाची सरासरी काढतात आणि म्हणतात तासाला एवढी युनिटं लागली. आता किलोवॅटची तासाभराची खरी सरासरी म्हणजे त्या तासाची युनिटं, हे बरोबरच आहे, पण तुम्ही काढता ती सरासरी वेळेची नसते, रोंची (लॉगमधल्या ओळींची) असते!

बऱ्याच बीएमएसमधे (इमारतीतली मशिनं सांभाळणाऱ्या कॉम्प्युटर सिस्टिममधे) व्हॅल्यू बदलली तरच रो पडते. एका कॉम्प्रेसरचा दुपारी 2 ते 3 चा लॉग समजा असा आहे: 2:00 ला 40, 2:03 ला 42, 2:06 ला 38, 2:09 ला 41, 2:12 ला 39, 2:15 ला 0, आणि मग थेट 3:00 ला परत 40. तीनच्या आधीच्या सहा रोंची सरासरी 33.3. पण मशीन चाललं फक्त पंधरा मिनिटं. प्रत्येक व्हॅल्यू तीन मिनिटं टिकली धरली तर 200 गुणिले 3 भागिले 60, म्हणजे 10 युनिटं. बंद असलेल्या पाऊण तासाला एकच रो मिळाली आणि चालू असलेल्या पाव तासाला पाच, म्हणून उत्तर तिपटीहून जास्त फुगलं. एक्सेलमधलं ॲव्हरेज इथे चालतच नाही.

मग कोणीतरी हुशारीने इन्फ्लक्सडीबी या डेटाबेसचं इंटिग्रल फंक्शन लावतं. ते दोन बिंदूंमधे तिरकी रेघ धरून खालचं क्षेत्रफळ काढतं. 2:15 च्या शून्यापासून 3:00 च्या 40 पर्यंत तिरकी रेघ, त्या त्रिकोणाचीच 15 युनिटं, एकूण उत्तर 24. मशीन बंद होतं आणि ग्राफ दाखवतो की ते हळूहळू चढत होतं. म्हणून ग्राफाना या ग्राफ काढायच्या सॉफ्टवेअरमधे रेघ 'स्टेप आफ्टर' ठेवा, म्हणजे पुढची रो येईपर्यंत सपाट आणि मग सरळ उडी. मऊ वळणाची स्मूद रेघ मला बघवत नाही, कॉम्प्रेसर काय वळण घेऊन बंद होतो का? आणि बेरजेआधी मागची व्हॅल्यू पुढे ओढून दर मिनिटाला एक रो करून घ्या, मगच सरासरी. पण लॉगर मधेच मेला तर हीच युक्ती तासन्‌तास 40 ओढत बसेल, तेव्हा बदल नसला तरी दर पंधरा मिनिटांनी एक रो पडेल असं सेटिंग करून ठेवा.

माझं स्पष्ट मत: युनिटं हवी असतील तर काउंटरच घ्या. तासाच्या शेवटचा आकडा वजा सुरुवातीचा, विषय संपला. रो कशाही पडू देत, लॉगर तीन तास बंद राहू दे, मधली वीज हरवत नाही, फक्त कुठल्या तासात गेली ते कळत नाही. किलोवॅटची रेघ ठेवाच, पण ती पीक बघायला, मशीन सारखं चालू-बंद होतंय का ते बघायला. युनिटं बारमधे, किलोवॅट रेघेत, दोन वेगळे ग्राफ.

काउंटरलाही दोन खोडी आहेत. मीटर बदलला किंवा काउंटर शून्यावर आला की एक भलामोठा उणे बार दिसतो, तो फरक टाकून द्या. दुसरी खोड जास्त छुपी. डेटाबेस वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतो, आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे टाइमझोन न देता रोजची बेरीज केली तर दिवस पहाटे साडेपाचला तुटतो. आमच्याकडे रविवारी ऑफिस बंद असूनही बारमधे वापर दिसायचा आणि सगळे गळका व्हॉल्व्ह शोधत होते, तो वापर सोमवारी पहाटे साडेचारला सुरू होणाऱ्या प्री-कूलिंगचा (ऑफिस उघडण्याआधी इमारत गार करण्याचा) पहिला तास होता. क्वेरीत आशिया/कोलकाता हा टाइमझोन घातल्यावर तो तास सोमवारच्या बारमधे गेला.